मामाचा गल्ला रिकामा का असतो

कोरेगावला मामाचं किराणा दुकान आहे, तीसेक वर्षं झाली. परवा गेलो तेव्हा सवयीने गल्ला उघडला तर आत शंभरच्या चार नोटा, थोडी चिल्लर आणि एक रबर. म्हटलं मामा, धंदा बसला की काय? तर हसला, अरे धंदा आहे तसाच आहे, पैसे डायरेक्ट खात्यात जातात. तेवढ्यात काउंटरवरचा तो डबा बोललाच, बावीस रुपये प्राप्त झाले.

यूपीआय आलं 2016 ला, त्याच वर्षी नोटबंदी, पण मामाकडे क्यूआर लागला तो कोरोनात, लोक नोटेला हात लावायला घाबरायचे तेव्हा. फायदा झालाय, उगाच नावं ठेवणार नाही. सुट्ट्याची कटकट गेली (आधी दोन रुपयांऐवजी चॉकलेट टेकवायचा, आता ती बरणी हलतच नाही), होलसेलवाल्याला पैसे द्यायला साताऱ्याला हेलपाटा नाही, आणि जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन द्यावं लागत नाही. केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, 2007 लाच आली, साध्या बटणाच्या फोनवर, पण तिथे पैसे काढायला गेलं की चार्ज कापतात. इथे डब्याचं भाडं सोडलं तर फुकट.

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी मामाचं खातं अचानक होल्डवर गेलं. का, तर कुणीतरी 260 रुपयांचं सामान नेलं होतं आणि ते पैसे म्हणे कुठल्यातरी सायबर फ्रॉडमधून फिरत फिरत आले होते, तक्रार दुसऱ्याच राज्यात. 260 रुपयांसाठी अख्खं खातं! बँकेत गेला तर साहेब म्हणे आमच्या हातात नाही, वरून आलंय, तिकडच्या पोलिसांना मेल करा. मामाने जन्मात मेल केला नव्हता, मी पुण्यातून इंग्लिशमध्ये लिहून पाठवला, तीनदा. एकोणीस दिवस गेले. गल्ल्यात पैसे असायचे तेव्हा निदान चोर यायचा, तो दिसायचा तरी.

बंगळुरात जुलै 2025 मध्ये छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या त्या यूपीआयचे आकडे बघूनच, आणि लोकांनी 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'चे बोर्ड लावले. टॅक्स भरायचा असेल तर भरावाच, त्यावर वाद नाही, पण आकड्याला कुठे कळतं की यातलं किती ताजी भाजी नि दूध आहे, ज्यावर जीएसटीच नाही. सगळा धंदा वरच्यांना दिसतो, आणि दुकानदाराने बोलायचं कुणाशी तर ते काही दिसत नाही. माझं भांडण एवढंच आहे. डबा मराठी बोलतो, मग खातं उघडून द्यायला मराठी बोलणारा एक माणूस का मिळत नाही तालुक्याला?

हां, एक राहिलंच. मामी आधी गल्ल्यातून रोज वीस-पन्नास बाजूला काढायची, मामाला माहीत असून माहीत नसायचं. क्यूआर आल्यापासून ते बंद, मेसेज सगळे मामाच्या फोनवर. ते एकोणीस दिवस दुकानात मामीच्या खात्याचा क्यूआर लावला होता. मामाचं खातं सुटून आता सहा महिने झाले, पण क्यूआर अजून मामीचाच आहे, मामाने दोनदा विषय काढला, ती म्हणाली बघू दिवाळीनंतर.