कृपया थेंब पुसू नये

ग्रॅनाइटच्या ओट्याला सीलर, म्हणजे दगडात शिरून पाणी-तेल मुरू न देणारं द्रावण, लागतो की नाही, हे ओळखायची चाचणी अगदी सोपी. ओटा स्वच्छ पुसून कोरडा करायचा, पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. थेंबाखालचा दगड होता तसाच राहिला तर काळजी नाही. काळवंडला तर पाणी मुरतंय, म्हणजे हळद आणि तेलही मुरणार. ज्याने कुणी ही चाचणी शोधली, त्याच्या घरी आमच्या सासूबाई नसाव्यात.

आमच्या मुलुंडच्या घरात ओट्यावरच्या थेंबाला अर्ध्या मिनिटापलीकडे आयुष्य नाही. पहिला थेंब आईंनी देवपूजेला जाता जाता पुसला. वर "ओटा ओला ठेवू नये गं" हेही ऐकवलं. दुसरा मावशींनी भांडी घासून झाल्यावर सवयीने टिपला. तिसऱ्याच्या वेळी घरात फक्त नवरा होता, म्हणून मी निर्धास्त होते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस कधी फडक्याच्या वाटेला गेला नव्हता. त्या दिवशी गेला. "कुणी सांडलं होतं, पुसून टाकलं," हे सांगायला तो मुद्दाम हॉलमध्ये आला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

मग मी चिठ्ठी लिहिली, ‘कृपया थेंब पुसू नये’. आईंनी ती उडू नये म्हणून नेमक्या थेंबावर ठेवून वर पेला ठेवला. शेवटी बाबांना गळ घातली. बाबा रेल्वेतून निवृत्त, वेळापत्रक म्हटलं की त्यांना हुरूप येतो. खुर्ची, घड्याळ आणि जुनी डायरी घेऊन ते ओट्यासमोर बसले आणि पंधरा मिनिटं खुद्द आईंनाही आत येऊ दिलं नाही. चहाची वेळ होती, तरीही.

निकाल असा लागला. आमचा ओटा इंग्रजी एलसारखा. सिंककडची बाजू जुनी, काळी कुळकुळीत. शेगडीची बाजू पाइपचा गॅस आला तेव्हा तोडफोडीत गेली आणि तिथे फिकट करडा-गुलाबी दगड बसला. काळ्यावरचा थेंब जसाच्या तसा. फिकट दगडावर मात्र रुपयाएवढा काळा डाग. बाबांनी डायरीत ‘पाच मिनिटे विलंबाने गळती’ अशी नोंद केली.

काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या लेखी ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि इतका घट्ट असतो की सीलरला आत शिरायला वाट मिळत नाही. मग तो वरच वाळतो आणि आरशावर कुणी बोटं फिरवावीत तसे फराटे दिसतात. नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार तरीही "दोन्हीकडे मारा मॅडम, सेफ" म्हणत होता. कुणासाठी सेफ ते कळलं, मी लहान डबाच घेतला.

सील करण्याआधी डाग काढावे लागतात, नाहीतर तेही आतच सील होतात. शेगडीशेजारी फोडणीच्या हळदीचं एक पिवळं बेट होतं. त्यावर खायचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा जाडसर लेप लावून प्लास्टिकने झाकायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी आई विचारत होत्या, "ढोकळ्याचं पीठ असं ओट्यावर का गं आंबवलंस?"

मग पॉलिश. हिऱ्याची पावडर बसवलेले गोल पॅड मिळतात, 50 पासून 3000 नंबरपर्यंत. नंबर लहान तितका पॅड खरखरीत. नुसती चमक गेली असेल तर 400 किंवा 800 पासून सुरुवात करायची आणि मधला नंबर गाळायचा नाही. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो, त्यात हे पॅड जळतात. वेग कमी करता येणारं मशीन हवं, आणि सतत पाणी हवं. दगड कोरडा घासला की सिलिकाची धूळ उडते आणि ती थेट फुप्फुसात जाते. वीज आणि पाणी एकत्र येणार म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, तपासून घेतला. नवरा बाटलीने पाण्याची धार धरायला उभा. मी मशीन धरलं. राखाडी चिखल भिंतीवर, फ्रिजवर आणि नवऱ्यावर समान उडाला. तो चिखल सिंकमध्ये ओतायचा नसतो, सिमेंटसारखा बसतो, म्हणून बादलीत गोळा केला. दोन ते चार मशीन बंद, सोसायटीचा नियम. दोनला एक मिनिट कमी असताना खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजला, "ताई, दोन वाजले."

या मधल्या सुटीत मी खिडकीत उभी राहून विचार करत होते. मुंबई स्वतः बसली आहे बेसॉल्टच्या कातळावर, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांच्या. कर्नाटकातल्या कितीतरी ग्रॅनाइटचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात. एवढा म्हातारा दगड ट्रकने मुलुंडला आणायचा आणि त्याला वरणाची भीती! राजाबाई टॉवर 1878 पासून कुर्ल्याचा दगड अंगावर घेऊन पावसात उभा आहे. अर्थात तिथे फोडण्या होत नाहीत.

सीलर लावणं हे सगळ्यात सोपं काम. कापडाने पसरवायचा, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि उरलेला पुसून कोरडा करायचा. कठीण भाग पुढे, 24 तास ओट्याला पाणी लागू द्यायचं नाही. बाहेर जुलै. हवेत इतकी ओल की पापडसुद्धा स्वतःहून वळत होता. शेगडीवर चादर टाकली, इंडक्शन मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर गेलं आणि भूगोलाच्या वहीशेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. आईंनी अडचण म्हणून ओट्यावर फक्त कढीपत्ता ठेवला. "धुतलेला नाहीये," त्या म्हणाल्या. बाबांनी शिट्टी नसतानाही शिट्टी वाजवल्यासारखा हात वर केला.

चोवीस तास भरले. चादर निघाली. फिकट दगड खरंच देखणा दिसत होता. मी थेंब टाकायला वाटी आणेपर्यंत आईंनी शेगडी पेटवून दुधाचं पातेलं चढवलं होतं. दूध वर आलं. मी धावले, त्यांनी माझा हात धरला.

"जाऊ दे उतू. नवा ओटा आहे, शुभ असतं."

सीलर उत्तम बसला होता. दूध तसूभरही मुरलं नाही. सगळंच्या सगळं काठावरून सरळ चमच्यांच्या ट्रॉलीत उतरलं.