संत्र्याला दहा, घंटेला अठरा

घरात जुगाराचं मशीन आहे हे नागपुरात कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गल्ला किती होते?" आणि दुसरा, "आम्हाले कधी बोलावतं?"

म्हणून आधीच सांगून ठेवतो की मशीन शोपीस आहे, म्हणजे निदान व्हायचं होतं. आमचा मामा अर्धं आयुष्य इंग्लंडात डॉक्टरकी करून रिटायर झाला आणि कंटेनरभर सामान घेऊन परत आला, त्यात एका लाकडी खोक्यात हे निघालं. तिकडे समुद्राकाठच्या गावात त्याच्या कोण्या पेशंटचं असल्या मशीनींचं दुकान होतं, ते बंद केलं तेव्हा म्हाताऱ्याने प्रेमाने डॉक्टरला एक देऊन टाकलं. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये खोकं उघडल्या उघडल्या मामी म्हणाली, घरात हे राहील नाहीतर मी राहीन, आणि मामाने बराच वेळ विचार करून शेवटी मशीन आमच्याकडे नंदनवनला पाठवलं. "तुले मशिनरीची आवड आहे ना" म्हणे. माझी मशिनरीची आवड म्हणजे मी एकदा मिक्सरचं कपलिंग बदललं होतं, तेही मिक्सर वॉरंटीत असताना.

मशीन दिसायला मात्र झकास. समोर अॅल्युमिनियमचं ओतकाम, बाजूला ओकचं लाकूड, उजवीकडे गुळगुळीत मुठीची दांडी, काचेआड तीन चाकं आणि चाकांवर चेरी, संत्री, आलुबुखारे, लिंबं, घंटा. शिकागोच्या मिल्स कंपनीचं, तिकडे इंग्लंडात जुन्या पेनीवर चालणारं करून घेतलेलं. चार माणसांनी ते उचलून हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलं आणि मग जो येईल तो मागे वाकून एकच विचारायचा, "वायर कुठी आहे?" वायर नाहीच. यात विजेचा काही संबंध नाही, सगळं स्प्रिंगवर आणि दांडी ओढणाऱ्याच्या दंडावर. समोरच्या काकांना हे काही पटलं नाही. त्यांनी काचेतली संत्री पाहून हे ज्यूसचं मशीन आहे असं ठरवूनच टाकलं होतं आणि संत्रं वरून टाकायचं की बाजूनं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

तर आता या फळांचं काय आहे, की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या जर्मनीतून आलेल्या मेकॅनिकने तीन चाकांचं पहिलं गाजलेलं मशीन बनवलं, लिबर्टी बेल, त्यावर पत्त्यांतले बदाम-चौकट, घोड्याची नाल आणि घंटा. ते इतकं चाललं की मिल्सवाल्यांनी तसंच आपलंही काढलं. मग जुगारबंदीचे कायदे आडवे आले. त्यावर १९१० च्या आसपास लोकांनी शक्कल काढली, की आम्ही पैसे देतच नाही, आम्ही च्युइंगमची पाकिटं देतो, आणि ही फळं म्हणजे च्युइंगमचे फ्लेवर. चाकांवरचा 'बार' लिहिलेला काळा पट्टा पण गमच्या पाकिटावरूनच आला म्हणतात. म्हणजे बनवेगिरी करायला फळं आणली, पुढे कायदे बदलले, इंग्लंडात १९६० च्या कायद्यानंतर ही मशीन पबापबात गेली, पण फळं काही हटली नाहीत. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, म्हणजे या मशीनच्या शोधाच्याही आधीचा. माझ्या वकील मित्राला मी घाबरत घाबरत विचारलं तर तो सोफ्यावर आरामात मागे रेलून म्हणाला, "तू आधी चालू तं कर, मंग पाहू."

ते काही चालू होत नव्हतं. दांडी अर्ध्यात येऊन अडायची. मागचं झाकण उघडलं तर आत इतका काळा चिकट थर, की कोणता पार्ट हलायचा आणि कोणता नाही हेच कळेना. पन्नास-साठ वर्षांचं तेल वाळून त्याचा डिंक झालेला. आणि हे सगळं मे महिन्यात, जेव्हा नागपुरात पंचेचाळीस डिग्रीत शहाणा माणूस दुपारी कूलरसमोरून उठत नाही. मी मागच्या व्हरांड्यात टर्पेंटाइन आणि टूथब्रश घेऊन बसलो आणि तिथेच खिडकीत आमचा कूलर, त्याने तो सगळा वास ओढून खसच्या ताट्यांतून गाळून थंडगार करून बेडरूमभर सोडला. बायको बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि "मामी बरोबर होती" एवढंच बोलून आत गेली. तिचा टूथब्रश होता हे तिला संध्याकाळी कळलं.

पण जसजसा तो डिंक निघत गेला तसतसं मला ते मशीन भयंकर आवडायला लागलं, खरं सांगतो. प्रत्येक चाकाच्या बाजूला पत्र्याची एक चकती, चकतीला खाचा आणि भोकं. दांडी ओढली की चाकं सुटतात, आतलं घड्याळ घर्रर्र करत त्यांना एकेक करून अडवतं, डावं, मधलं, उजवं, ठक ठक ठक, आणि तिन्ही थांबली की आतून पातळ पोलादी बोटांची एक रांग पुढे येते आणि चकत्यांवर भोकं चाचपते, गहू निवडताना बायकांची बोटं खडा शोधतात तशी. भोकं एका रेषेत सापडली तर बोट आत जातं, त्याच्या खालचा सरका मोकळा होतो आणि नाण्यांच्या नळीच्या बुडातून तेवढी नाणी खाली पडतात. नाही सापडली तर बोटं मुकाट मागे. कॉम्प्युटर नाही, चिप नाही, कोणी मागून बटन दाबत नाही. जे काही देणंघेणं आहे ते त्या भोकांत.

अडलं होतं ते घड्याळच. त्यात एक चिमुकला पंखा असतो, हवेला अडून वेग धरून ठेवायला, तो गच्च बसलेला. महालातल्या एका घड्याळजीकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"भाऊ, यात ग्रीस कोन भरलं?"

"इंग्लंडात कोणीतरी."

"तरीच. त्याईचं सगळं जास्तीच असते."

पेट्रोलात धुऊन, पिव्हटला शिलाई मशीनच्या तेलाचे एकेक टिपूस देऊन त्यांनी पंखा फिरवला आणि तो जो भर्रर्र फिरला, दुकानात मनगटी घड्याळाचा सेल बदलायला आलेली दोन पोरं मोबाइल सोडून पाहायला लागली. पैसे घेताना त्यांनी बजावलं, ग्रीस दिसलं तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

मग बोल्ट. आतले चार बोल्ट झिजून गेलेले आणि अमेरिकन माल असल्यामुळे सगळं इंचात. इतवारीत लोहाओळीला गेलो तर प्रत्येक दुकानात एमएमचा ढीग, इंची मागितलं की दुकानदार माझ्याकडे असं बघायचा की मी त्याला आजोबांचा जन्मदाखला मागून राहिलो. शेवटी एका म्हाताऱ्या शेटने पेनाएवढा बोल्ट बोटात फिरवून "दोन सूत" म्हटलं, मागच्या अंधारात गेला आणि धुळीचा डबा घेऊन आला. बोल्ट बसले, पण आटे एकदम सारखे नव्हते, म्हणून हिंगण्याला एका लेथवाल्याकडून आटे पाडून घ्यावे लागले. तो भाग सांगण्यात काही मजा नाही, फक्त पैसे गेले.

खरी मजा चाकांवरच्या कागदी पट्ट्यांत आली. त्या मळून, तेल पिऊन काळ्या पडलेल्या. नव्या छापून मिळतात परदेशात, पण मी म्हटलं पेंटरकडून रंगवून घेऊ. त्याच वेळी काटोलहून सासरे आले. त्यांची संत्र्याची बाग, उभा जन्म त्यात गेला. त्यांनी चष्मा पुसून पट्टी उन्हात धरली.

"जावईबापू, याले कोळशी लागली."

मी म्हटलं, बाबाजी, झाडाचा रोग नाही, मळ आहे तो. तरी त्यांनी नखाने खरवडून पाहिलंच. मग म्हणाले, आणि हे संत्रं नोहेच, हे मोसंबी होय, आपल्या संत्र्याले देठाजवळ मान असते. ही गोल गोल भानगड कोणी काढली? मग पेंटर आणि सासरे असे दोघं बसले आणि दुपारभरात शिकागोच्या मशीनवर अस्सल नागपुरी संत्री तयार झाली, मानेसकट, सालीला ढिली. आलुबुखारा पेंटरने पाहिलेला नव्हता, तो वांग्यावर गेला. चेरी त्याने केकवरची पाहिलेली होती, ती बरी जमली.

एवढं झाल्यावर सासऱ्यांचं लक्ष समोरच्या बक्षिसांच्या पट्टीवर गेलं. तीन संत्र्यांना दहा नाणी, तीन आलुबुखाऱ्यांना चौदा, तीन घंटांना अठरा. ते एकदम गंभीर झाले.

"संत्र्याले सगळ्यात कमी भाव?"

"हो."

"अन् आलुबुखाऱ्याले चौदा."

"हो."

"म्हणजे तिकडंही अडतेच बसले आहेत," म्हणाले, आणि कळमन्याच्या मार्केटमधला एक जुना हिशेब काढून त्यांनी तो रात्री जेवताना, जेवल्यावर आणि अंगणात खाटेवर पडल्या पडल्या सांगितला. नागपुरी संत्र्याला जीआय टॅग मिळून काय फायदा, हा त्यात मुख्य मुद्दा होता.

मशीन चालू झालं तेव्हा मात्र घरातली सगळी माणसं, ज्यांनी महिनोन् महिने मला टोमणे मारले होते, ती लाइन लावून उभी. मामाच्या पिशवीतल्या जुन्या पेनी होत्या, चांगल्या तळव्यात मावतील एवढ्या मोठ्या, १९७१ ला इंग्लंडने दशमान पद्धत आणली तेव्हाच बाद झालेल्या. मी सगळ्यांना खाली बसवून गणित समजावलं, की प्रत्येक चाकावर वीस चित्रं, म्हणजे एकूण आठ हजार जोड्या, बार प्रत्येक चाकावर एकेकच, म्हणजे तीन बार आठ हजारांत एकदा. तिसऱ्या चाकावर चेरी नाहीच, तिथे नुसता लिंबांचा सुळसुळाट, आणि लिंबाला बक्षीस शून्य. शिवाय काचेतून वरची आणि खालची ओळ पण दिसते, म्हणून सारखं वाटत राहतं की थोडक्यात हुकलं, हुकलं काही नसतं, ते तसंच बनवलेलं आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि दांडी ओढायला लागले. आईला लागोपाठ तीन लिंबं आली. ती खूश. "चला, घराची नजर उतरली" म्हणाली, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की एकदा ओढते, लिंबं आली की दिवस चांगला. जगात लिंबांवर जिंकणारी ती एकटीच असावी.

बाबांचं वेगळं. त्यांना आल्या आल्या दोन चेरी लागल्या, तीन नाणी पडली, आणि माणूस कामातून गेला. रोजच्या भांडणाला कंटाळून मी पेनीची पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाबांनी मग घरातली नाणी मापून पाहिली. दहाचं लहान, वीसचं पण लहान, दोन्ही पडून खालून बाहेर. बरोब्बर मापाचं एकच नाणं घरात होतं, आईच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीतला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. रुंदीला जवळपास पेनीएवढाच, पण वजनाला आणि जाडीला जरा जास्त. तो भोकातून आत गेला आणि वरच्या काचेआड, जिथे टाकलेली नाणी रांगेत सरकत जातात, तिथे घट्ट अडकला. दांडी पण अडकली. आणि हे धनत्रयोदशीच्या रात्री.

"राजा तं तोच आहे ना," बाबांचं म्हणणं. ते खरंच होतं. काचेआड एकामागे एक दोन पंचम जॉर्ज, पेनीवर बोडका, रुपयावर मुकुट घालून.

मी पेचकस आणला तर आई मध्ये उभी. "लक्ष्मी बसली आहे आत. पूजा होईपर्यंत तिले लोखंड लागलं तं पाह्य." त्यामुळे यंदा लक्ष्मीपूजन हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला झालं. दांडीला झेंडूचा हार, काचेला हळदकुंकू, नाणी पडायच्या वाटीत लाह्या-बत्तासे. आरती चालू असताना गल्लीतल्या पोरांनी गेटाशीच सुतळी बॉम्ब लावला, काचा हादरल्या, आणि मशीनच्या आत टकऽ झालं. रुपया एक घर पुढे सरकला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काचेआडून खाली नळीत गेला. आईचे हात जोडलेलेच.

बाबांनी हळूच दांडी ओढून पाहिली. सुटली होती. घर्रर्र, ठक, ठक, ठक, दोन चेरी, तीन पेनी लाह्यांत.

मी म्हटलं, बाबा, रुपया नळीत सगळ्यात वर आहे, नाणी बुडातून पडतात, तो खाली यायला अर्धी नळी जिंकावी लागेल, आणि खालचे सरके पेनीच्या जाडीचे आहेत, तिथे पुन्हा अडकेल. दोन स्क्रू आहेत, पाच मिनिटांत काढून देतो.

"पेचकस ठेव बे खाली," बाबा म्हणाले, आणि त्या तीन पेनी लाह्या झटकून उचलल्या. आईने स्टूल ओढलं.