वॉली पिपची डोकेदुखी आणि "सुट्टी घेऊ नका"वाली गोष्ट

ही गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी फॉरवर्ड करतं आणि मला दर वेळी राग येतो. 1925 मध्ये न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल टीमचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवर उभा राहणारा फील्डर) वॉली पिप डोकं दुखतंय म्हणून एक दिवस बसला, त्याच्या जागी लू गेरिग नावाच्या पोरसवदा खेळाडूला घेतलं, गेरिग तिथून सलग 2130 मॅच खेळला आणि पिपचं करिअर संपलं. खाली तात्पर्य, एक दिवसाची सुट्टी माणसाला संपवते. तापाने फणफणलेल्या माणसाला कामावर बोलवायला ही गोष्ट वापरतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

डोकेदुखीपासूनच सुरू करू. 2 जून 1925 ला पिप एकटा बसलेला नाही. मॅनेजर मिलर हगिन्सने (बेसबॉलमध्ये टीम कोण खेळणार हे मॅनेजर ठरवतो) त्या दिवशी पिपसोबत सेकंड बेसवरचा ॲरन वॉर्ड आणि कॅचर वॉली शँग यांनाही बाहेर काढलं. तीन जणांना एकदम काढलं म्हणजे तो टीम बदलायचा निर्णय होता, कोणाची रजा नव्हती. आणि टीमची हालत खरंच वाईट होती, टीमचा सगळ्यात मोठा स्टार बेब रूथ एप्रिलमध्ये आजारी पडला, ऑपरेशन झालं, तो परत आला थेट 1 जूनला, इकडे पिपची बॅट चालत नव्हती, आणि त्या वर्षी यांकीज अमेरिकन लीगच्या आठ टीममध्ये सातवे आले, 69 जिंकल्या, 85 हरल्या. फॉर्म गेला म्हणून ड्रॉप झाला. क्रिकेट बघणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, गेरिगची ती सलग मॅचची मोजणीसुद्धा 2 जूनपासून नाही तर 1 जूनपासून सुरू होते. त्या दिवशी तो शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) पी वी वॉनिंजरच्या जागी पिंच हिटर (दुसऱ्याच्या बदली बॅटिंगला येणारा) म्हणून आला होता आणि पिप तेव्हा आपल्या जागेवर खेळत होता. म्हणजे विक्रमाची पहिली मॅच पिपच्या जागेवरची नाहीच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, जो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. पिप याआधीही बसला होता आणि तेव्हाही त्याच्या जागी गेरिगच आला होता! 1923 च्या सीझनच्या शेवटी पिपला दुखापत झाली, कोलंबिया युनिव्हर्सिटीतून नुकताच घेतलेला गेरिग खेळला आणि भरपूर हिट्स मारले. यांकीजना तो वर्ल्ड सिरीजसाठीही (सीझनच्या शेवटची फायनल) हवा होता, पण नियमाप्रमाणे समोरच्या जायंट्सची परवानगी लागत होती आणि त्यांचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ नाही म्हणाला. पिप बरा होऊन वर्ल्ड सिरीज खेळला, यांकीज पहिल्यांदा चॅम्पियन झाले आणि 1924 चा पूर्ण सीझन फर्स्ट बेसवर पिपच होता. खऱ्या दुखापतीमुळे बसला तेव्हा जागा कुठेच गेली नाही.

मग डोकं आलं कुठून? 2 जुलै 1925, म्हणजे गेरिग जागेवर आल्यानंतर बरोबर एक महिना. बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये चार्ली कॉल्डवेलचा बॉल पिपच्या डोक्यावर बसला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पुढे म्हातारपणी पिप स्वतःच त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून ॲस्पिरिनच्या गोळ्या मागितल्याचा किस्सा रंगवून सांगायचा, त्यामुळे दोन वेगळ्या घटनांची एक गोष्ट झाली. डोक्याला बॉल लागून हॉस्पिटलमध्ये गेलेल्या माणसाला आपण शंभर वर्षं कामचुकार ठरवतोय, हे मला खटकतं.

करिअर संपलं हेही खोटं. पुढच्या वर्षी तो सिनसिनाटी रेड्सकडे गेला आणि 1926 ते 1928 तीन सीझन खेळला. आणि आधीचं काय, 1916 आणि 1917 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन त्याचे होते, रूथ यांकीजमध्ये यायच्या आधी.

राहिला "गेरिगने कधी विश्रांती घेतली नाही" हा भाग. 14 जुलै 1934, डेट्रॉइट. आदल्या दिवशी कंबर एवढी धरली होती की त्याला मॅच अर्धवट सोडावी लागली. मग त्या दिवशी त्याचं नाव शॉर्टस्टॉप म्हणून पहिल्या नंबरला लिहिलं, त्याने एक सिंगल (फर्स्ट बेसपर्यंत नेणारा हिट) मारला, लगेच त्याच्या जागी दुसरा धावायला आला आणि तो बाहेर. मोजणीत मॅच धरली गेली, पण तो दिवस विश्रांतीचाच होता आणि तो देणारं त्याचं स्वतःचं क्लबच होतं.

आणि 2 मे 1939 ला, पुन्हा डेट्रॉइटमध्येच, शरीर साथ देत नाही म्हटल्यावर तो स्वतः मॅनेजर जो मॅकार्थीकडे गेला आणि मला आज बसवा म्हणाला. एएलएस (हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार) आहे हे जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये कळलं. 2 जून 1941 ला तो गेला, वय 37.