डेव्हिसचा किल्ला आणि आमचं नगर

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा नावांवरून जुंपली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. तरी कुणीतरी जुनं नाव लिहितो आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. शेवटी मला ओढलं: "तुमच्या टेक्सासात चालतं का रे असलं?"

चालतं की! गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव नको, म्हणून २०२३ मध्ये इथल्या फोर्ट हूड या लष्करी तळाचं फोर्ट कवाझोस झालं. २०२५ मध्ये परत फोर्ट हूड. फक्त हूड आडनावाचा दुसरा सैनिक शोधून काढला.

मला मात्र आठवला पश्चिम टेक्सासातला फोर्ट डेव्हिस. किल्ला म्हणायचा, पण ना तट ना बुरूज. सॅन अँटोनियो ते एल पासो ही वाट अपाची आणि कोमांचींपासून राखायला १८५४ मध्ये इथे छावणी पडली. (मुलूख त्यांचाच, आणि राखायचा त्यांच्यापासूनच!) फौजेला चारा, सरपण, मांस पुरवणारे आले आणि गाव वसलं. आपल्या कामठीसारखंच, आधी पलटण, मग बाजार. १८९१ मध्ये पलटण गेली, गाव राहिलं.

नाव तेव्हाच्या युद्धमंत्र्याचं, जेफरसन डेव्हिसचं. पुढे हाच गुलामगिरी राखायला अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष झाला. आणि १८६७ मध्ये त्याचा ओसाड पडलेला किल्ला पुन्हा नांदता केला कृष्णवर्णीय घोडदळाने! त्यातले कितीतरी जण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. नाव तेच राहिलं. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय, हेन्री फ्लिपर, याच्यावर १८८१ मध्ये इथेच कोठीच्या पैशांवरून लष्करी खटला चालला. अपहार शाबीत झाला नाही, तरी बडतर्फ केलं. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९९ मध्ये. तोवर त्याला जाऊन जवळजवळ एकोणसाठ वर्षं झाली होती.

उद्या त्या गावाला फ्लिपरचं नाव दिलं तर मला आनंदच होईल. पण फ्लिपर मला तिथे पाटी न बदलताही भेटला. रायगडावर मी चार वेळा गेलोय. घेऱ्यातल्या मेटांवर पहारा देणाऱ्या महार-रामोश्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

हे ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, "तिकडे बसून शिकवू नकोस. तू स्वतः काय म्हणतोस ते सांग."

माझं आजोळ तिथलंच. आम्ही तेव्हाही नगर म्हणायचो, आताही नगरच म्हणतो.