म्हणे 'सर्वानुमते मंजूर'!

परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ येऊन पडली. वॉटरप्रूफिंगवाल्या ऑनलाइन कमिटी मीटिंगचे मिनिट्स. तेही इतक्या आठवड्यांनी! ठराव क्रमांक 4, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम देणे. 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक : खजिनदार. अनुमोदक :' आणि पुढे माझं नाव!

माझं नाव! ज्या ठरावाला मी बोलून विरोध केला, चॅटमध्ये लिहून विरोध केला, त्याच ठरावाची मी अनुमोदक! विरोध गाळला असता तरी संतापले असते, पण इथे माझ्या तोंडात नसलेला होकार कोंबलाय. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणतात, "अहो मॅडम, अनुमोदकाच्या जागी कोणाचं तरी नाव लागतंच ना, तुम्ही त्या विषयावर सगळ्यात जास्त बोलला होतात." जास्त बोलले कारण मी नको म्हणत होते! तीनऐवजी दोनच कोटेशन्स आलीत, गॅरंटी लेखी नाही, आधी लेखी घ्या, हे बोलत होते मी!

आता ते 'सर्वानुमते' कसं झालं ते ऐका. फुकटच्या झूमवर मीटिंग, ती 40 मिनिटांनी कटली. परत लिंक आली. दुसऱ्या लिंकवर सगळे आलेच नाहीत. जे आले त्यांतल्या एकाच्या चौकोनावर फोनच्या मॉडेलचं नाव, एकाच्या चौकोनात गाडीचं छत हलतंय, बाकी काळे चौकोन. अशात सेक्रेटरी म्हणाले, "कोणाला काही ऑब्जेक्शन? नाही ना? पास. पुढचा विषय." या दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. सगळे म्यूटवर, आणि म्यूटची किल्ली होस्टकडे. मी हात वर केला, तो हात स्क्रीनवर तसाच राहिला. मग म्यूट काढून मिळाल्यावर मोठ्याने सांगितलं, माझा विरोध आहे, नोंद घ्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, माझाही. सी विंगच्या ताईंनी चॅटमध्ये लिहिलं, 'विरोध'. तीन जणांचा विरोध झाला. मीटिंग संपली, कोणी चॅट सेव्ह केला नाही, तो गेला. अंगठ्याच्या इमोजी मात्र बरोबर मोजल्या! कोणी 'आवाज येतोय' म्हणून अंगठा दाखवला, तोही बाजूने धरला. आणि हजेरीत काय? 'उपस्थित : 11.' पहिल्या लिंकवरचे अकरा. मतदानाच्या वेळी तिथे कोण होतं, कोरम होता की नाही, एक अक्षर नाही.

लोकांना वाटतं मी शब्दांवरून भांडते. अहो, निवडून आल्यावर आम्ही सगळ्या कमिटी मेंबरांनी एम-20 बाँड, म्हणजे जबाबदारीचं हमीपत्र, लिहून दिलंय! कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सामूहिक आणि वैयक्तिकही, असं त्यात कबूल केलंय. सोसायटीचं नुकसान झालं तर वसुली माझ्याकडूनही होऊ शकते. म्हणून तर महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यात सोय आहे, की ज्या सदस्याला ठराव मान्य नाही त्याचं विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायचं, मग त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. हवं तर सात दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकांनाही लेखी कळवता येतं. सात दिवस ठरावाच्या तारखेपासून, मिनिट्स हातात पडल्यापासून नव्हे. मी त्याच आठवड्यात निबंधक कार्यालयात पत्र देऊन पोच घेतली. पण काकांनी विश्वास ठेवला. बोललोय म्हणजे लिहितील, एवढा साधा विश्वास. ते पेन्शनवर जगतात. उद्या चौकशी लागली तर कागद त्यांना काय म्हणणार? सर्वानुमते!

नोकरीत मी कंपनी सेक्रेटरींच्या हाताखाली होते, बोर्ड मीटिंगा जवळून पाहिल्यात. कंपन्यांच्या व्हिडिओवरच्या बोर्ड मीटिंगसाठी 2014 चे नियम आहेत. सुरुवातीला प्रत्येक संचालकाने नाव सांगायचं, कुठून बोलतोय ते सांगायचं, आपल्याजवळ दुसरं कोणी बसलेलं नाही हेही सांगायचं. मतदानाची वेळ आली तर अध्यक्षांनी एकेक नाव पुकारायचं आणि ज्याने त्याने आपली ओळख देऊन मत सांगायचं. विषय संपला की निर्णय काय आणि विरोधात कोण, हे तिथल्या तिथे बोलून दाखवायचं. 15 दिवसांत कच्चे मिनिट्स सगळ्यांच्या हातात. आणि 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 118 तर विरोध करणाऱ्या संचालकांची नावं मिनिट्समध्ये लिहायलाच लावतं. हे सोसायटीला लागू नाही, मला माहीत आहे. पण अकरा नावं पुकारायला किती वेळ लागतो हो? दोन मिनिटं! पार्किंगच्या स्टिकरचा रंग निळा की हिरवा यावर अर्धा तास घालवता की!

आणि ते 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. कधी वाचलंय? "सगळ्यांनी वाचलंच असेल" म्हणायचं आणि कायम. लाखांची कामं 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या ओळीखाली घुसवायची. सीसीटीव्हीचं कंत्राट असंच गेलं, अजेंड्यात नावही नव्हतं. दर वेळी जुनीच फाइल उघडून तारीख बदलायची, म्हणून ऑनलाइन मीटिंगच्या मिनिट्समध्येही 'खेळीमेळीच्या वातावरणात सभा पार पडली व चहापानानंतर सांगता झाली' असं छापून येतं. कोणाच्या घरी झालं चहापान? ग्रुपवर विचारावं तर ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन'.

वर समजूत काढायला लोक येतात. "कशाला वाढवताय ताई, शेवटी एकाच बिल्डिंगमध्ये राहायचंय." राहायचंय म्हणूनच! बहुमताने ठराव झाला तर झाला, मी हरले तर हरले, माझी काही तक्रार नाही. आठ विरुद्ध तीन असेल तर आठ विरुद्ध तीन लिहा, तिघांची नावं लिहा. त्यात कोणाची अब्रू जाते? विरोध लिहिला की एकोपा मोडतो, हे कोणी शिकवलं यांना?

दुरुस्तीचं पत्र मी सेक्रेटरींच्या हातात दिलंय, सही-तारखेसह पोच घेतलीय, काकांचं आणि ताईंचंही पत्र सोबत जोडलंय. रविवारच्या मीटिंगचा पहिला विषय तोच आहे, इतिवृत्त कायम करणे. माझं नाव अनुमोदक म्हणून असेपर्यंत मी ते कायम होऊ देणार नाही. आणि या वेळी मीटिंग क्लबहाउसमध्ये घ्या म्हणून लिहिलंय. समोर बसून नावं पुकारा.