आधी आकडा, मग मजकूर

जून-जुलैत दिवाळी अंकांची पत्रं निघाली की आमच्या नाशिकच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ठरलेलं भांडण जुंपतं: लिहिण्याचे पैसे मागावेत का? यंदा ठिणगी माझ्या भाचीमुळे पडली. तिने एका संपादकांना ‘किती देणार?’ असं सरळ विचारलं. उत्तर आलं, ‘अहो, ही साहित्यसेवा आहे.’ एकीचं म्हणणं, कुसुमाग्रजांच्या गावात पैशाचं काय बोलायचं! दुसरी म्हणाली, मग लिहूच नको. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा दोघींनीही पेढ्यांचे फोटो टाकले होते. शेवटी मोर्चा माझ्याकडे वळला: तुला तिकडे लेस्टरला खोऱ्याने मिळत असतील ना?

खोऱ्याने नाही, चमच्याने. दिवसा मी औषधांच्या दुकानात असते, रात्री मासिकांसाठी तीनशे-चारशे शब्दांचं काहीबाही लिहिते. पहिली कमाई पंचवीस पौंड, तीही एका पत्राची. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खिडकीवर मेथी कशी उगवली, ते बागकामाच्या एका मासिकाला कळवलं होतं. अशा किरकोळ धंद्याच्या वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या जमेवर इथे कर नाही, आणि ती मर्यादा मी आजवर दोनदाच ओलांडली. निव्वळ या तुकड्यांवर घर चालवणारं कुणी मला अजून भेटायचं आहे.

फरक रकमेत नाही, बोलण्याच्या क्रमात आहे. लेख मागवायचा असला की संपादिकेची चार ओळींची मेल येते: शब्द इतके, तारीख ही, पैसे इतके, हक्क हा. बहुतेक वेळा मी फक्त ब्रिटनमध्ये पहिल्यांदा छापण्याचा हक्क देते, म्हणजे नंतर तोच मजकूर दुसरीकडे विकायला मी मोकळी. सगळेच हक्क लिहून मागणारेही आहेत, असे दोन कागद मी सही न करता परत पाठवले. १९९८ च्या एका कायद्याने थकलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या दराच्या वर आठ टक्के व्याज लावता येतं. माझं एक बिल अडीच महिने लटकलं, तेव्हा त्या कायद्याचं नुसतं नाव लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी पैसे जमा. व्याज काही त्यांनी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. नाशिकची भीड अशी लगेच सुटत नाही.

त्या भिडेपायीच वीसेक वर्षांपूर्वी रविवार कारंज्याजवळच्या एका अंकाच्या ऑफिसात मी तासभर बसून होते. संपादकांनी लेखाची तोंड भरून स्तुती केली, स्पेशल चहा मागवला, दोन अंक हातात ठेवले. पैशाचं काही तोंडातून निघेना. एवढ्यात टायपिंग करणारा मुलगा आला. पानांच्या हिशेबाने त्याचे पैसे त्यांनी ड्रॉवरमधून मोजून दिले, वर ‘बघ रे, बरोबर आहेत ना?’ असंही विचारलं. त्यात माझ्या लेखाचीही पानं होती.

ते गृहस्थ लबाड नव्हते. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून चालत आलेली दिवाळी अंकांची ही परंपरा आज जाहिरातींवर कशीबशी तगून आहे, आणि त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घातले होते. पण कागदवाला आणि प्रेसवाला उधारीवर थांबत नाहीत, म्हणून थांबायचं लेखकाने. तेही न विचारता.

आणि रीत परदेशातूनच आणायला हवी असंही नाही. त्याच काळात नाशिक आकाशवाणीवर दहा मिनिटांचं भाषण केलं, तर रेकॉर्डिंगच्या आधी करारपत्र आलं, त्यावर रक्कम छापलेली. छोटीशीच, पण छापलेली. ती बघून आई म्हणाली होती, ‘सरकारला बरं विचारावं लागत नाही!’

भाचीला मी ती चार ओळींची मेल मराठीत करून दिली. तिने ती त्याच संपादकांना पाठवली. दोन दिवसांनी उत्तर: ‘पाचशे देऊ शकतो, दिवाळीनंतर.’

तिने उलट विचारलं, ‘कोणत्या दिवाळीनंतर?’

हे मात्र मी शिकवलेलं नव्हतं.