वादळ घेताना घ्यायची काळजी

रावेर-यावलकडे केळी असेल, तर भाऊ, वादळाला एकच गोष्ट बजावून सांगा: आलाच आहेस तर काम अर्धवट सोडू नको. नुकसान ३३ टक्के भरलं नाही, तर सरकारच्या लेखी काही झालंच नाही. २०१५ पर्यंत हा आकडा ५० होता, म्हणजे सुधारणा होतेच, उगाच नावं ठेवू नका. तिसाव्या टक्क्याला वारा पडायला लागला तर हात जोडा, आणखी चार ओळी पाडून घ्या. मदत दोन हेक्टरपर्यंत की तीन, ते मात्र त्या वेळचा शासन निर्णय बघून वाऱ्याला कळवा.

पावसालाही शिस्त हवी. त्याने पडायचं ते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आणि ६५ मिलिमीटरच्या वर. तुमच्या शिवारात बांध फुटले, पण यंत्र असलेल्या गावात नुसतीच भुरभुर झाली, तर ती अतिवृष्टी नव्हे. तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे.

मग पंचनामा. तोवर मोडलेलं एकही खोड हलवू नका. घड काळे पडतील, खोडातून पाणी गळेल, आंबूस वास सुटेल. सुटू द्या, पुरावा आहे तो. खालची पिलं, म्हणजे बुंध्यातून फुटलेली नवी रोपं, दबून मरतात, पण तो पुढच्या हंगामाचा तोटा. या पंचनाम्यात त्याला रकाना नाही. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं एकत्र सापडले तर दिवस चांगला समजा. चिखलातून आत बोलावू नका बिचाऱ्यांना, एकेकाकडे किती गावं असतात! बांधावरचीच झाडं फोटोजोगी ठेवा.

सरकार चुकांतून शिकत नाही, हा अपप्रचार आहे. मुंबई बुडाली २००५ साली, चितळे समिती बसली. कोल्हापूर-सांगली बुडाली २०१९ ला, वडनेरे समिती बसली. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरी या नद्या चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरल्या आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. चाळीसगावकरांनी तेव्हा दुकानांतला गाळ उपसता उपसता नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालणारी निळी आणि लाल पूररेषा कशाला म्हणतात, याचा अभ्यास करायला हवा होता.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर शिक्षण फारच जोरात आहे. दर आपत्तीगणिक एक नवा कागद. हल्ली ई-केवायसी असते, म्हणजे यंत्रावर अंगठा लावून आपण आपणच आहोत हे पटवायचं. केळीच्या चिकाने बोटं काळी झाली असतील तर यंत्र अंगठा ओळखत नाही, तेव्हा रॉकेलने घासून जा. आणि सातबारा सामाईक असेल तर पुण्याला गेलेल्या भावाचं संमतीपत्र वादळाच्या आधीच करून ठेवा, नंतर तो फोन उचलत नाही.